गौरी अम्मांच्या सतरा निवडणुका आणि एक कायदा

एखाद्या आमदाराच्या कारकिर्दीचा हिशेब कसा मांडावा? वृत्तपत्रांची मापे ठरलेली असतात. किती वेळा निवडून आले, मताधिक्य किती होते, मंत्रिपदे कोणती मिळाली, मुख्यमंत्रिपद मिळाले की हुकले, एवढे सांगितले की मृत्युलेख पूर्ण होतो. सरकारी नोकरीत आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला मात्र आणखी एक माप सुचते. या आमदाराने सभागृहात ज्या कायद्याला हात लावला, तो कायदा तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचला का आणि पोहोचायला किती वर्षे लागली, हे ते माप होय. ते लावून पाहिले तर अनेक मोठी नावे लहान होतात आणि काही नावांचे मोठेपण नव्याने ध्यानात येते. अशा नावांपैकी एक म्हणजे केरळच्या के. आर. गौरी अम्मा.

नेहमीच्या मापांनीही त्यांची कारकीर्द साधी नाही. १९४८ ते २०११ या काळात त्यांनी सतरा निवडणुका लढविल्या. तेरा जिंकल्या, चार हरल्या. सहा मंत्रिमंडळांत त्या मंत्री होत्या. मुख्यमंत्री कधीच झाल्या नाहीत. १४ जुलै १९१९ रोजी जन्मलेल्या गौरी अम्मा ११ मे २०२१ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी निवर्तल्या, तेव्हा महाराष्ट्रातील वाचकांना त्यांची फारशी ओळख नव्हती. केरळात कामानिमित्त राहिलेल्या मराठी माणसांच्या कानावर त्यांचे नाव पडले असेल, पण बहुधा 'मुख्यमंत्रिपद हुकलेल्या बाई' एवढ्याच परिचयासह. हा परिचय अपुरा आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठी हा लेख.

गौरी अम्मांचे गाव पट्टणक्काड, चेर्तला तालुक्यातील. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वेंबनाड सरोवर आणि मध्ये नारळीची चिंचोळी पट्टी, असा हा प्रदेश. काथ्याच्या कारखान्यांत राबणारे मजूर आणि दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारे शेतमजूर यांची येथे दाट वस्ती होती. याच तालुक्यातील वायलार आणि आलप्पुळ्याजवळील पुन्नप्रा येथे ऑक्टोबर १९४६ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणाच्या राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि तो गोळीबाराने चिरडण्यात आला. गौरी अम्मा एळवा समाजातील सुस्थितीतल्या कुटुंबात जन्मल्या होत्या. त्या समाजातील स्त्रीने कायद्याची पदवी घेणे त्या काळी अपूर्व होते. त्यांनी ती घेतली, चेर्तल्याला वकिली सुरू केली आणि १९४८ साली कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. त्याच वर्षी प्रौढ मताधिकारावर झालेल्या त्रावणकोरच्या निवडणुकीत त्या उभ्या राहिल्या आणि हरल्या. ही त्यांची पहिली निवडणूक.

पुढे १९५२ आणि १९५४ मध्ये त्या त्रावणकोर-कोचीन विधानसभेवर निवडून गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य अस्तित्वात आले. १९५७ च्या पहिल्या निवडणुकीत १२६ पैकी ६० जागा मिळवून आणि पाच अपक्षांच्या पाठिंब्याने कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर आला. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या अकरा जणांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्यात एकच स्त्री होती. सदतीस वर्षांच्या गौरी अम्मांकडे महसूल खाते सोपविण्यात आले.

येथे मराठी वाचकांना परिचित अशी एक तारीख आठवते. आपल्याकडच्या कूळकायद्यातील 'कृषक दिन' म्हणजे १ एप्रिल १९५७. मुंबई राज्यात त्या दिवशी कूळ हे जमिनीचे मालक झाल्याचे कायद्याने मानले गेले. केरळात महसूलमंत्र्यांनी शपथ घेतली ती त्यानंतर चारच दिवसांनी. पण मुंबई राज्याचा मूळ कायदा १९४८ चा होता. मधल्या नऊ वर्षांत काय घडले, हे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांच्या पाहणीने दाखवून दिले. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला भूसुधारणा शिकलेल्या आमच्या पिढीला ते पुस्तक चुकविता येत नसे. कायद्याने संरक्षण दिलेले असतानाही कितीतरी कुळांच्या हातून जमिनी सुटत गेल्या होत्या, कागदोपत्री 'राजीखुशीने'. मालकी देणारा कायदा येणार ही बातमी कुळाच्या आधी जमीनदाराला कळते, आणि कायदा येईपर्यंतचा अवधी तो वाया घालवीत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

केरळच्या नव्या सरकारने पहिले पाऊल टाकले ते नेमके याच जागी. ११ एप्रिल १९५७ रोजी, शपथविधीनंतर एका आठवड्याच्या आत, कुळांना व झोपडीधारकांना जमिनीवरून हुसकावण्यास मनाई करणारा वटहुकूम निघाला. त्याने कुणालाही जमीन दिली नाही. ज्याच्या ताब्यात जे आहे ते तूर्त तसेच राहील, एवढेच तो सांगत होता. प्रशासकीय दृष्टीने पाहता केरळच्या भूसुधारणेतील हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते, असे मला वाटते. मोजणी, नोंदी, कमाल धारणा, नुकसानभरपाई या सर्व गोष्टींना वर्षे लागतात. तोवर कूळ जमिनीवर टिकून राहिले नाही, तर कायदा लागू होण्याच्या दिवशी त्याचा लाभ घेणारे कुणी उरत नाही.

वटहुकूम झाला, पण कायद्याचे काय? डिसेंबर १९५७ मध्ये कृषी संबंध विधेयक सभागृहात मांडले गेले. केरळच्या तीन भागांत जमिनीच्या तीन परंपरा होत्या. त्रावणकोरात सरकारी जमिनीवरील रयतांना १८६५ सालीच मालकी मिळाली होती. कोचीनचे नियम निराळे होते. ब्रिटिश अमलाखालील मलबारात जन्मी, म्हणजे जमीनदार, हा पूर्ण मालक मानला गेला आणि त्याच्याखाली काणम, वेरुंपाट्टम अशा नावांच्या कुळांची उतरंड होती. सर्वांना लागू पडेल असा एकच कायदा लिहिणे हे कसबाचे काम होते. विधेयक १० जून १९५९ रोजी मंजूर झाले. त्याच सुमारास सरकारविरोधी 'विमोचन समरम' या आंदोलनाने राज्य ढवळून निघाले होते. शिक्षण विधेयक हे त्याचे मोठे कारण होते, तसे जमिनीचे विधेयकही होते. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने सरकार बरखास्त केले आणि विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहत राहिले.

यापुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण कायदा होणे म्हणजे काय असते ते त्यातून समजते. १९६० च्या निवडणुकीत काँग्रेस व मित्रपक्षांचे सरकार आले. कम्युनिस्ट पक्षाची मते वाढली, पण जागा २९ वर आल्या. त्या २९ मध्ये चेर्तल्याच्या गौरी अम्मा होत्या. राष्ट्रपतींनी विधेयक सूचनांसह परत पाठविले, नव्या सभागृहाने ते दुरुस्त करून पुन्हा मंजूर केले आणि १९६१ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कासरगोड आणि होसदुर्ग या तालुक्यांतील रयतवारी जमिनींपुरता तो रद्द ठरविला. पूर्वी दक्षिण कॅनरा जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यांतील जमिनी घटनेतील 'इस्टेट' या शब्दाच्या व्याख्येत बसत नव्हत्या. म्हणून १९६३ चा नवा भूसुधारणा कायदा आर. शंकर यांच्या काँग्रेस सरकारने केला. १९६४ मध्ये सतराव्या घटनादुरुस्तीने 'इस्टेट'ची व्याख्या रुंदावली आणि हे कायदे नवव्या परिशिष्टात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकार पडले. १९६५ ची निवडणूक झाली, पण कुणालाच बहुमत नव्हते आणि ती विधानसभा एकदाही भरली नाही. मार्च १९६७ पर्यंत राष्ट्रपती राजवट होती. पुस्तकात कायदा होता, पण तो राबविण्यासाठी लागणारी राजकीय पाठराखण नव्हती.

या दहा वर्षांत गौरी अम्मांच्या आयुष्यातही फाटाफूट झाली. १९५७ साली त्यांनी सहकारी मंत्री टी. व्ही. थॉमस यांच्याशी विवाह केला होता. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष दुभंगला तेव्हा थॉमस मूळ पक्षात राहिले आणि गौरी अम्मा मार्क्सवादी पक्षात गेल्या. १९६७ साली सात पक्षांचे आघाडी सरकार आले, तेव्हा पती-पत्नी एकाच मंत्रिमंडळात दोन निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी म्हणून बसले. या वियोगावर केरळात पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात शिरणार नाही. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, दहा वर्षांपूर्वी वटहुकूम काढणारी व्यक्तीच पुन्हा महसूलमंत्री झाली होती. १९६५ पासून त्यांचा मतदारसंघ बदलून शेजारचा अरूर झाला होता, पण तालुका तोच राहिला.

महसूल खात्यात ही गोष्ट किती मोलाची असते, हे बाहेरच्यांना सहज उमगत नाही. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. सचिव बदलतात. फायलीवरच्या जुन्या टिपा वाचण्याइतकी सवड नव्या माणसाला क्वचितच असते. कोणती पळवाट कुणाच्या आग्रहाने कलमात शिरली, कोणत्या शब्दावर न्यायालयात पराभव झाला, कोणती सवलत तात्पुरती म्हणून दिली होती, ही माहिती कागदावर अर्धीच असते. उरलेली अर्धी कुणाच्या तरी स्मरणात असावी लागते. नोकरशाहीला संस्थेची स्मृती म्हणतात खरे, पण जमिनीच्या कायद्याला लागणारी वर्षे अधिकाऱ्याच्या एका नेमणुकीत मावत नाहीत आणि एका विधानसभेतही मावत नाहीत. तेथे तोच प्रतिनिधी पुन्हा पुन्हा निवडून देणारा मतदार अजाणता एक प्रशासकीय काम करीत असतो. तो कायद्याची स्मृती जिवंत ठेवतो.

त्या स्मृतीचा उपयोग १९६९ च्या दुरुस्तीत झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये, सरकार कोसळण्याच्या उंबरठ्यावर असताना, भूसुधारणा दुरुस्ती विधेयक मंजूर झाले. महिनाअखेर नंबूद्रिपाद सरकार गेले आणि १ नोव्हेंबरला भाकपचे सी. अच्युत मेनन मुख्यमंत्री झाले. कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आला. त्या दिवशी कुळांकडे असलेल्या जमिनींवरील जमीनदारांचे हक्क सरकारकडे वर्ग झाले. कुळाने जमीनदाराकडे जाण्याची गरज संपली. भूमि न्यायाधिकरणाकडून त्याने खरेदीचे प्रमाणपत्र, म्हणजे 'पट्टयम', घ्यायचे होते. दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या 'कुडिकिडप्पुकारां'ना पंचायत हद्दीत दहा सेंट, नगरपालिका हद्दीत पाच आणि महानगरपालिका हद्दीत तीन सेंट जमीन अल्प किमतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. दहा सेंट म्हणजे आपले बरोबर चार गुंठे. ज्याला मालकाने केव्हाही 'चालता हो' म्हणावे, त्याच्यासाठी ते चार गुंठे म्हणजे मजुरी वाढवून मागण्याचे धैर्य होते.

श्रेय कुणाचे, यावर दोन्ही कम्युनिस्ट पक्ष दीर्घकाळ भांडत आले. माकप म्हणतो, कायदा आमच्या महसूलमंत्र्यांनी केला. भाकप म्हणतो, राबविला आमच्या मुख्यमंत्र्यांनी. डिसेंबर १९६९ मध्ये आलप्पुळ्याला मेळावा भरवून कुळांनी व झोपडीधारकांनी आपला हक्क स्वतःच बजावावा, असे आवाहन माकपने केले होते. त्या चळवळीच्या रेट्यामुळेच अंमलबजावणी झाली, असे म्हणणारेही आहेत. मला या वादात सर्वच बाजू खऱ्या वाटतात. काँग्रेसच्या १९६३ च्या कायद्याचा सांगाडाही त्यात आहे. चांगला कायदा बहुधा अनेकांच्या हातून घडतो. तरीही १९५७ चा वटहुकूम आणि १९६९ ची दुरुस्ती या दोन टोकांना एकच नाव आहे, हेही खरे.

कायद्याची खरी परीक्षा दिल्लीत झाली. कासरगोडजवळील एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी १९७० मध्ये या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ एप्रिल १९७३ च्या त्या निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त दिला, हे प्रत्येक स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला पाठ असते. नानी पालखीवाला अर्जदाराच्या बाजूने आणि महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवई केरळ सरकारच्या बाजूने उभे होते, हेही कित्येकांना ठाऊक असते. परंतु मूळ खटला जमिनीचा होता आणि केरळचे जमीन कायदे नवव्या परिशिष्टात घालणारी एकोणतिसावी घटनादुरुस्ती न्यायालयाने ग्राह्य धरली, याची आठवण फारशी कुणी काढीत नाही. सिद्धान्त देशाला मिळाला आणि जमीन कुळांकडे राहिली.

या कायद्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. चहा, कॉफी, रबर, वेलदोडे यांच्या मळ्यांना कमाल धारणेतून सूट होती. अन्नाच्या शेतीला मर्यादा आणि नगदी मळ्याला मोकळीक, ही विभागणी करताना निर्यात व रोजगार यांचा विचार होता, पण सर्वांत मोठी जमीन हिशेबाबाहेर राहिली, हेही नाकारता येत नाही. दुसरे असे की, जमीन मिळाली ती कुळाला. प्रत्यक्ष चिखलात उतरणारा मजूर, जो बहुधा दलित होता, त्याच्या वाट्याला घराखालचे काही सेंटच आले. आणि तिसरा वर्ग होता आदिवासींचा. वायनाड, अट्टप्पाडी येथील आदिवासी कुणाचे कूळ म्हणून नोंदलेले नव्हते. बाहेरून आलेल्यांच्या हाती त्यांच्या जमिनी गेल्या होत्या. कसणाऱ्याला मालक करणाऱ्या कायद्यात त्यांना उभे राहायला जागाच नव्हती.

हा तिसरा वर्ग गौरी अम्मांच्या कारकिर्दीत पुन्हा येतो. पण त्याआधी निवडणुकांची गोष्ट पूर्ण करू. १९७० मध्ये त्या अरूरहून निवडून आल्या. १९७७ मध्ये, आणीबाणीनंतर उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट होत असताना, केरळात मात्र काँग्रेस-भाकप आघाडीने १४० पैकी १११ जागा जिंकल्या. गौरी अम्मा भाकपच्या पी. एस. श्रीनिवासन यांच्याकडून पराभूत झाल्या. १९८० मध्ये परतल्या आणि त्यानंतर १९८२, १९८७, १९९१ अशा सलग जिंकत गेल्या. १९८२ आणि १९९१ मध्ये त्यांची आघाडी राज्यात हरली, तरी अरूर त्यांचेच राहिले.

१९८७ च्या निवडणुकीत डावी आघाडी जिंकल्यास गौरी अम्मा मुख्यमंत्री होतील, असे वातावरण राज्यभर होते. तशा घोषणाही दिल्या गेल्या. आघाडी जिंकली आणि मुख्यमंत्री झाले ई. के. नायनार. गौरी अम्मांना उद्योग खाते मिळाले. मागास समाजातील, स्त्री, आणि पक्षात कुणाची भीडमुर्वत न ठेवणारी, यांपैकी कोणते कारण निर्णायक ठरले यावर केरळात अजूनही चर्चा होते. उद्योगमंत्री म्हणून त्यांच्या कार्यकाळात, १९९० साली, तिरुवनंतपुरमच्या टेक्नोपार्कची स्थापना झाली. देशातील पहिल्या तंत्रज्ञान उद्यानांत त्याची गणना होते. आज तेथे नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांपैकी किती जणांना हा धागा ठाऊक असेल?

१९९४ मध्ये पक्षशिस्तीच्या कारणावरून माकपने त्यांना काढून टाकले. पंचाहत्तरीला आलेल्या गौरी अम्मांनी 'जनाधिपत्य संरक्षण समिती' हा नवा पक्ष काढला आणि त्या काँग्रेसप्रणीत आघाडीत गेल्या. १९९६ मध्ये राज्यात डावी आघाडी जिंकली, पण अरूरने पुन्हा त्यांनाच निवडून दिले. चिन्ह, पक्ष, आघाडी, सारे बदललेले असताना आमदार तोच ठेवणारा मतदार आपल्या देशात विरळा आहे.

याच विधानसभेत त्यांच्या कारकिर्दीतील, माझ्या मते, सर्वांत मोठा प्रसंग घडला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळवून देणारा कायदा केरळने १९७५ मध्येच केला होता. नियम मात्र १९८६ मध्ये झाले. जमीन प्रत्यक्ष परत मिळण्याचे प्रमाण नगण्य होते. अखेर १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीचा आदेश दिला. त्यावर सर्वच पक्षांच्या सरकारांनी मुदती मागितल्या आणि सप्टेंबर १९९६ मध्ये मूळ कायदाच सौम्य करणारे दुरुस्ती विधेयक सभागृहात आले. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही त्याला पाठिंबा दिला. विरोध करणारा एकच सदस्य होता, के. आर. गौरी अम्मा.

या एकमताचे अर्थशास्त्र सरळ आहे. आदिवासींची संख्या राज्यात एक-दीड टक्क्याच्या घरात. त्या वेळी १४० जागांपैकी त्यांच्यासाठी राखीव जागा एकच. दुसऱ्या पारड्यात त्या जमिनींवर दोन-तीन पिढ्या स्थिरावलेले हजारो शेतकरी, त्यांतले बरेच स्वतः गरीब. कोणत्याही आघाडीला हा हिशेब कागद-पेन्सिल न घेता करता येत होता. बिनविरोध होणाऱ्या विधेयकांकडे आपण कौतुकाने पाहतो. कधी कधी मात्र एकमत याचा अर्थ इतकाच असतो की, ज्यांचे नुकसान व्हायचे आहे ते सभागृहात नाहीत. १९५७ साली बेदखल करण्यास मनाई करणाऱ्या वटहुकूमामागचे तत्त्व सभागृहात कुणाला आठवत असेल, तर ते त्या काळी महसूलमंत्री असलेल्या सदस्येला. त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. १९९९ मध्ये राज्याने नवा कायदा केला. त्यानुसार दोन हेक्टरपर्यंतची जमीन सध्याच्या धारकाकडेच राहणार होती आणि आदिवासीला पर्यायी जमीन द्यायची होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

गौरी अम्मांची मूर्ती उभारण्याचा माझा हेतू नाही. २००१ मध्ये काँग्रेस आघाडी सत्तेवर आली आणि त्या ए. के. अँटनी यांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाल्या. त्याच वर्षी सी. के. जानू यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर झोपड्या उभारल्या आणि सरकारने जमिनीचे आश्वासन दिले. ते पुरे झाले नाही म्हणून वायनाडच्या मुत्तंगा अरण्यात त्यांनी ठाण मांडले. १९ फेब्रुवारी २००३ रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला. एक आदिवासी आणि एक पोलीस मृत्युमुखी पडला. गौरी अम्मा त्या वेळी मंत्रिमंडळात होत्या आणि पुढे २००६ पर्यंत राहिल्या. विरोधी बाकावरील एकटे मत आणि मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी या दोहोंतील अंतर किती असते, हे या घटनेइतके स्वच्छपणे क्वचितच दिसते. आमदार एकटा विरोध करू शकतो, पण मंत्री झाला की सरकारच्या प्रत्येक गोळीचा हिशेब त्याच्याही नावावर चढतो. चरित्रकारांनी १९९६ लिहिताना २००३ वगळू नये.

२००६ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्या पुन्हा अरूरहून उभ्या राहिल्या. माकपचे ए. एम. आरिफ यांनी सुमारे पावणेपाच हजार मतांनी त्यांचा पराभव केला. २०११ मध्ये चेर्तल्याहून, म्हणजे जेथून सुरुवात झाली तेथूनच, शेवटची निवडणूक लढविली आणि तीही गेली. त्याच वर्षाचा केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या आत्मकथेला मिळाला. त्रेसष्ट वर्षांच्या पटावर पहिली आणि अखेरची, दोन्ही निवडणुका पराभवाच्या.

आता सुरुवातीच्या मापाकडे येतो. ११ एप्रिल १९५७ ते १ जानेवारी १९७० म्हणजे पावणेतेरा वर्षे. तेवढ्या अवधीत केरळने तीन निवडणुका, तीन वेळा राष्ट्रपती राजवट, एक घटनादुरुस्ती आणि न्यायालयातील पराभव पाहिले. पट्टयमांचे वाटप त्यानंतरही कित्येक वर्षे चालले. एका भूसुधारणेला लागणारा हा काळ आहे. लोकप्रतिनिधींना कायमचे निवडून देऊ नये, नवे रक्त यावे, असे आपण म्हणतो आणि त्यात तथ्य आहेच. दीर्घकाळ एकाच जागी बसलेले अनेक आमदार मतदारसंघाला जहागिरीसारखे वागवितात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण सातत्याची दुसरी बाजूही आहे. जे काम एका विधानसभेत मावत नाही, त्याच्या पाठीशी कुणीतरी लागोपाठच्या विधानसभांतून उभे राहावे लागते. चेर्तला आणि अरूरच्या मतदारांनी तेरा वेळा ती सोय करून दिली.

मुख्यमंत्रिपद न मिळणे ही गौरी अम्मांच्या आयुष्यातील उणीव मानली जाते. केरळचे मुख्यमंत्री किती आणि कोण झाले, हे आठवायला मला यादी पाहावी लागते. झोपडीखालची चार गुंठे जमीन ज्यांच्या नावावर झाली, त्यांच्या नातवंडांना मात्र यादीची गरज नाही. तो कागद त्यांच्या घरात असतो. त्याच राज्यातील आदिवासींच्या कितीतरी घरांत असा कागद नाही. त्यांच्यासाठी दिलेले मत एकच होते, आणि ते पुरेसे नव्हते.